प्रौढांचे कापडी डायपर : साठवण, धुलाई आणि दर्प

लघवीवर किंवा शौचावर ताबा न राहिलेल्या मोठ्या माणसाला बांधायचे, धुऊन पुन्हा वापरायचे शोषक कापड म्हणजे प्रौढांचा कापडी डायपर. पक्षाघात, स्मृतिभ्रंश, खुब्याचे मोडलेले हाड, प्रोस्टेटची शस्त्रक्रिया किंवा नुसते वार्धक्य यांमुळे त्याची गरज पडते. घरात ‘डायपर’ हा शब्द सहसा उच्चारला जात नाही. घडी, दुपटे, कपडा असे काहीतरी म्हणून वेळ मारून नेतात, आणि ज्याला बांधायचे त्याच्या देखत तर तेवढेही नाही. या नोंदीत सोलापुरातल्या घरांची सोय-गैरसोय डोळ्यांपुढे ठेवली आहे. रसायनशास्त्र सगळीकडे सारखेच. पाणी आणि ऊन मात्र गावागणिक बदलते.

डायपरचे दोन भाग असतात. आत शोषक घड्या आणि बाहेर पाणी न झिरपणारे आवरण. आवरणासाठी पूर्वी मेणकापड वापरत, आता आतून पातळ प्लास्टिकचा थर असलेले कापड शिवतात. शोषक घडीसाठी जुने धोतर, सुती लुगडे किंवा मांजरपाट चालतो, पण सोलापुरात हाताशी असतो तो टर्किश टॉवेल. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. टॉवेलच्या अंगावरचे सुताचे फासे पाणी धरून ठेवतात. नवाकोरा टॉवेल मात्र सुरुवातीला पाणी ढकलतो. त्याची खळ उतरायला तीन-चार धुण्या लागतात, म्हणून घरातला जुना, मऊ पडलेला टॉवेलच बरा. चादरीच्या तुकड्याचा मोह पडतो, पण जाड विणीची चादर आतून लवकर वाळत नाही आणि अर्धवट वाळलेली घडी म्हणजे कुबट वासाला आमंत्रण. टॉवेल लांबीत तीन पदरी दुमडतात. पुरुषांसाठी जास्तीचा पदर पुढे घेतात, बायकांसाठी मध्ये. सतत उताणे झोपणाऱ्यासाठी मागच्या बाजूलाही एक लागतो. पदर एकमेकांना शिवून टाकू नयेत. सुटे ठेवले की निम्म्या वेळात वाळतात.

वास येतो कुठून

ताज्या लघवीला फारसा वास नसतो. तिच्यात सुमारे ९५ टक्के पाणी असते आणि उरलेल्यात मुख्यतः युरिया. त्वचेवरचे आणि विष्ठेतले काही जिवाणू युरिएज नावाचे विकर तयार करतात आणि युरिया फोडून अमोनिया मोकळा करतात. नाकात झोंबणारा तो झणका म्हणजे हा अमोनिया. या कामाला ओल, ऊब आणि वेळ लागते. मे महिन्यात ४० अंशांच्या वर गेलेल्या सोलापुरात ऊब फुकट मिळते, त्यामुळे सकाळी काढलेली घडी दुपारपर्यंत बंद बादलीत राहिली की झाकण उघडताच डोळ्यांत पाणी येते. कुबट वास वेगळा. तो धुतल्यावर ओलसर राहिलेल्या कापडाचा. तिसरा वास सर्वांत फसवा : कापड धुऊन, वाळवून नाकाला लावले तर काहीच नाही, पण बांधल्यावर पहिल्या लघवीसरशी दहा मिनिटांत उग्र दर्प सुटतो. अशा कापडात जुने क्षार आणि साबणाचा राप बसलेला असतो आणि त्याखाली जिवाणू टिकून असतात. नेहमीच्या धुण्याने तो जात नाही, आणि घरोघरी दोष मात्र धुणेवालीच्या माथी जातो.

धुण्याआधीची साठवण

वासाचा निकाल धुण्यात नव्हे, धुण्याआधीच्या तासांत लागतो. सोलापूरला पाणी मुख्यतः उजनी धरणातून, भीमेतून येते, आणि बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी न येण्याची सवय अनेक वर्षांची आहे. मोठे धुणे पाणी सुटण्याच्या दिवशीच निघते. मधले तीन-चार दिवस त्या घड्या ठेवायच्या कुठे, हा खरा प्रश्न.

सर्वसाधारण पद्धत म्हणजे त्या बादलीत भिजत टाकायच्या. एखादी रात्र हे चालते. त्यापुढे बादलीतले पाणीच सडते, वर ते दोनदा बदलायला हवे, आणि पाणी तर नाहीच. घरात रांगते मूल असेल तर भरलेली बादली मोरीत ठेवणे धोक्याचे असते, ते वेगळेच. घट्ट झाकणाचा डबाही तितकाच वाईट, कारण अमोनिया आत कोंडून राहतो आणि ओल जात नाही.

सोलापूरला मानवणारा मार्ग कोरडा आहे. घडी काढल्याबरोबर विष्ठा असेल तर ती खरवडून संडासात टाकायची, मग घडी दोन-तीन तांबे गार पाण्यात खळबळून घट्ट पिळायची आणि गॅलरीच्या कठड्यावर पसरायची. पाणी गारच हवे. गरम पाण्याने विष्ठेतली आणि रक्तातली प्रथिने धाग्यात घट्ट बसतात आणि डाग कायमचा होतो. वैशाखातल्या उन्हात पातळ घडी बघता बघता कडकडीत होते. कापड वाळले की जिवाणूंचे काम थांबते, आणि अशी घडी जाळीच्या टोपलीत किंवा सुती पिशवीत पुढच्या पाण्यापर्यंत निवांत थांबू शकते. खळबळलेले पाणी संडासात ओतायचे. मोठ्या धुण्यातले शेवटचे, जवळजवळ स्वच्छ पाणी बाजूला काढून ठेवले तर पुढच्या दोन दिवसांच्या पहिल्या खळबळीला तेच पुरते. विष्ठेने भरलेल्या घड्यांना ही सवलत नाही. त्या त्याच दिवशी साबण लावून धुवाव्यात, नाहीतर माश्या घर सोडत नाहीत.

धुलाई

बोअरचे पाणी जड असते. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची वडी जुळली की पांढरट चिकट साका तयार होतो, तो फाशांत बसतो आणि टॉवेल ओशट लागू लागतो. असे कापड लघवी शोषत नाही, कडेने सोडते. म्हणून या धुण्याला वडी नको, पावडर वापरावी, आणि एका बादलीला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालावा. सोडा पाण्याचा जडपणा कमी करतो. खाण्याचा सोडा वेगळा. तो आंबूस वासावर थोडा चालतो, पण स्वतःच अल्कधर्मी असल्याने अमोनियापुढे त्याचा उपयोग नाही. पाणी ६० अंशांच्या आसपास, म्हणजे बंबातले हात न घालवणारे, असले तर उत्तम. अर्ध-स्वयंचलित यंत्र या कामाला पूर्ण स्वयंचलितापेक्षा सोयीचे, कारण नळ नसला तरी बादलीने भरता येते. यंत्र मात्र खच्चून भरू नये.

शेवटी दोनदा स्वच्छ पाण्यातून काढावे. दुसऱ्या पाण्यात अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर किंवा किराणा दुकानातले चमचाभर लिंबूसत्व घातले की उरलेला अमोनिया मारला जातो आणि क्षारही सुटतात. आठवड्यातून एकदा पुरे. रोज घातल्यास आवरणाचे इलॅस्टिक लवकर सैल पडते. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव अजिबात नकोत, ते धाग्यावर थर चढवतात. फिनेल तर फरशीचे औषध. ते कपड्यात राहिले तर आधीच ओलीने हुळहुळलेली त्वचा सोलवटते.

ब्लीचिंग पावडरीबद्दल सावध राहावे. लघवीने भिजलेल्या कापडावर ती थेट टाकली तर अमोनियाशी मिळून क्लोरामाइनची विषारी वाफ निघते, आणि व्हिनेगरसोबत टाकली तर क्लोरीन. छोट्या, दार लावलेल्या मोरीत हे जिवावर बेतू शकते. वापरायचीच तर धुऊन झालेल्या पांढऱ्या सुती कापडावर, वेगळ्या पाण्यात, दार उघडे ठेवून. आवरणावर कधीच नाही. आवरण गार पाण्यात धुऊन सावलीत वाळवावे. उन्हाने आणि इस्त्रीने त्याचा थर तडकतो.

सुती घड्यांना मात्र ऊन हवेच. ऊन डाग फिके करते, जिवाणूही मारते. अडचण असते ती लाजेची. गल्लीतल्या बायका बघतील म्हणून घड्या आतल्या खोलीत पंख्याखाली, नाहीतर दोरीवर साडीच्या आड वाळत घालतात. साडी वाळते, तिच्या मागची घडी ओलीच राहते, आणि चौथ्या दिवशी सगळ्या कपाटाला कुबट वास येतो. मोडता येण्याजोगा शिष्टाचार असेल तर हाच. गच्चीवर टॉवेल वाळतोय म्हणून सोलापुरात कोणी मान वळवून बघत नाही. श्रावण-भाद्रपदातल्या दमट दिवसांत वाळलेल्या घडीच्या शिवणी गालाला लावून पाहाव्यात आणि गार लागल्या तर इस्त्री फिरवावी.

वास नेहमी कापडाचाच असतो असेही नाही. वारंवार भिजायला नको म्हणून म्हातारी माणसे पाणी पिणे तोडतात. मग लघवी गडद होते आणि तिचा वास वाढतो. एकाएकी वास बदलला आणि सोबत ताप किंवा गुंगी असली तर मूत्रमार्गाच्या संसर्गाची शंका घेऊन डॉक्टरांना दाखवावे. त्वचेसाठी लावलेले झिंकयुक्त मलम घडीत जाऊन शोषण बिघडवते, म्हणून मध्ये जुन्या धोतराचा पातळ तुकडा घालतात आणि तो वेगळा धुतात. एकदा वापरून टाकायचे डायपर प्रवासाला किंवा रात्रीपुरते ठेवणारी घरे बरीच आहेत. २०१६ च्या घनकचरा नियमांप्रमाणे ते गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यावे लागत.

घड्या चोख असूनही खोलीला दर्प येत असेल तर बहुधा तो गादीचा असतो. कापसाच्या गादीत एकदा मुरलेली लघवी वरून पुसून निघत नाही. खोळ काढून गादी चार-पाच दिवस दोन्ही अंगांनी कडक उन्हात घालावी लागते, तरी राहिला तर कापूस पिंजून घेतात. परत अंथरताना गादीवर आधी मेणकापड, त्यावर चादर. चादर आधी घातलेली घरेही पाहायला मिळतात.