जुन्या मुठीला नवा झुबका : दाढीच्या ब्रशच्या दुरुस्तीविषयी ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडे येणारे बहुतेक ब्रश घरातल्या जुन्या कपाटात किंवा दाढीच्या सामानाच्या पत्र्याच्या डब्यात सापडलेले असतात. मूठ शाबूत असते. केस मात्र मधोमध विरळ झालेले, एका बाजूला कललेले किंवा बुडाशी साबणाचा थर धरून राठ झालेले असतात. “एवढे केस नीट करून द्या,” असे ग्राहक सांगतात. केस नीट करता येत नाहीत, ते बदलावे लागतात, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे.

ब्रशचे केस एकेक करून मुठीत रोवलेले नसतात. ते आधी एकत्र बांधून त्यांचे खालचे टोक राळेत किंवा चिकट द्रव्यात घट्ट बसवतात आणि असा तयार झुबका मुठीच्या माथ्यावरच्या खोबणीत चिकटवतात. झुबक्याच्या या कडक टोकाला आम्ही बुडखा म्हणतो. पूर्ण झुबक्याला या व्यवसायात ‘नॉट’ म्हणण्याची पद्धत आहे. केस पुंजक्यांनी हातात येऊ लागले, की बुडख्यातली पकड सुटलेली असते, आणि वरून कितीही गोंद ओतला तरी तो आतपर्यंत पोहोचत नाही. पूर्ण झुबकाच सुटून हातात आला असेल आणि केस चांगले असतील, तर मात्र तोच पुन्हा बसवता येतो. असा ब्रश घेऊन येणाऱ्याला आम्ही नवा झुबका विकत नाही.

जुने केस जपून ठेवण्याचा आग्रह काही जण धरतात. भावना समजण्यासारखी आहे, परंतु ब्रश १९१४ ते १९३० च्या दरम्यानचा असण्याची शक्यता असेल, तर आमचा सल्ला स्पष्टपणे ‘नको’ असा असतो. पहिल्या महायुद्धात बॅजर या प्राण्याच्या केसांचा युरोपातला व्यापार विस्कळीत झाला आणि त्याऐवजी आशियातून आलेले घोड्याचे केस, बॅजरसारखे दिसतील असे करून, स्वस्त ब्रशांत वापरले गेले. नीट निर्जंतुक न केलेल्या अशा केसांतून ब्रिटन आणि अमेरिकेतल्या सैनिकांना व नागरिकांना अँथ्रॅक्सची, म्हणजे संसर्गजन्य काळपुळीची, लागण झाली. १९२० साली ब्रिटनने जपानी बनावटीच्या दाढीच्या ब्रशांची आयातच बंद केली. त्या काळातल्या काही मुठींवर ‘स्टरिलाइज्ड’ असा ठसा दिसतो तो याच धास्तीपोटी. आज धोका फारच कमी आहे, पण या रोगाचे बीजाणू अनेक दशके टिकतात आणि दाढी करताना कातडीवर बारीक ओरखडे उठतातच. म्हणून त्या काळातले केस आम्ही कापून नष्ट करतो. ते परत मिळणार नाहीत.

मूठ कशाची आहे यावर कामाची रीत ठरते. काळी किंवा तपकिरी, हाताला जड लागणारी आणि नखाने टिचकी मारल्यावर ठसठशीत आवाज देणारी मूठ बहुधा बेकेलाइट या जुन्या, कडक प्लॅस्टिकची असते. तिला ड्रिल लावले, की कार्बोलिक साबणासारखा उग्र वास सुटतो, आणि तिची भुकटी श्वासात जाऊ नये म्हणून हे काम आम्ही तोंडाला मास्क बांधूनच करतो. लोणकढ्या तुपासारखी पिवळी, किंचित अर्धपारदर्शक मूठ अनेकदा मुळात पांढरी असते आणि वर्षानुवर्षांच्या हवेने व उजेडाने तिचा रंग पालटलेला असतो. वरचा थर घासून मूळ रंग काढता येतो, परंतु आम्ही होता होईल तो ते टाळतो, कारण त्याबरोबर मुठीवर कोरलेली अक्षरेही झिजतात.

सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकची मूठ ही खरी जपून हाताळण्याची वस्तू आहे. अशी मूठ अंगठ्याने जोरात चोळली, की कापराचा वास येतो, कारण ती कापूर घालूनच बनवलेली असते. ती चटकन पेट घेते आणि ॲसिटोनने विरघळते. फार पूर्वी आमच्याच हातून अशी एक मूठ ड्रिलच्या वेगाने तापून उभी चिरली होती. तेव्हापासून सेल्युलॉइडला आम्ही यंत्र लावत नाही. खोबण हाताने, कानशीने आणि पॉलिश पेपरने साफ करतो आणि त्यामुळे दोन दिवस जास्त लागतात.

पितळी, ॲल्युमिनियमच्या आणि लाकडी मुठींबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. लाकूड फक्त आतून बंद करून घ्यावे लागते, नाहीतर ते पाणी पिऊन फुगते. हस्तिदंताची मूठ आम्ही कोणत्याही कारणासाठी स्वीकारत नाही. आपल्याकडची मूठ हस्तिदंताची वाटत असेल, तर तिच्या बुडाकडे भिंगातून पाहावे : एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसली तर ती हस्तिदंताची, आणि एकसारख्या समांतर रेषा दिसल्या तर ते हस्तिदंताची नक्कल करणारे सेल्युलॉइड.

जुना झुबका काढताना आम्ही आधी केस कात्रीने मुठीच्या काठाशी कापतो. राहिलेल्या बुडख्याच्या मधोमध बारीक छिद्र पाडतो, मग एकेक आकार वाढवत मोठी बिटे वापरतो आणि कडेचा शेवटचा थर हाताने खरवडतो, म्हणजे मुठीची भिंत दुखावत नाही. ही भिंत सगळीकडून निदान २ मिलिमीटर जाड राहिली पाहिजे. काही मुठी आतून पूर्ण पोकळ निघतात. त्यांत आधी लाकडी गट्टू बसवून तळ तयार करावा लागतो.

यापुढचा निर्णय ग्राहकाने घ्यायचा असतो आणि आमच्या मते ब्रश कसा होणार हे तिथेच ठरते. झुबक्याचे माप म्हणजे त्याच्या बुडख्याचा व्यास, आणि आमच्याकडे २०, २२, २४ आणि २६ मिलिमीटरचे झुबके असतात. ग्राहक बहुधा याच मापाबद्दल विचारतात, पण त्याहून महत्त्वाची असते ती केसांची मुठीच्या काठावर राहणारी उंची. झुबका तोच असला, तरी खोबण ३ मिलिमीटर अधिक खोल केली की केस तेवढे आखूड होतात, त्यांना बुडाशी आधार मिळतो आणि ब्रश गालावर ताठ लागतो. खोबण उथळ ठेवली, तर तोच ब्रश मऊ आणि ढिला पडतो. २२ मिलिमीटरच्या कृत्रिम तंतूंच्या झुबक्याला आम्ही ४८ ते ५० मिलिमीटर उंची सुचवतो. डुकराच्या केसांना ती ५५ पर्यंत चालते, कारण ते मुळातच ताठ असतात आणि वापराने मऊ होत जातात.

चिकटवण्यापूर्वी आम्ही खोबणीत पातळ वायसर टाकून झुबका नुसता उभा करतो आणि शक्य असल्यास ग्राहकाला कोरडाच गालावर फिरवून पाहायला सांगतो. एक वायसर काढला किंवा घातला, की फरक लगेच जाणवतो. लांबच्या ग्राहकांना हे करता येत नाही. त्यांनी निदान एवढे कळवावे, की त्यांना साबणाची वडी वापरायची सवय आहे की ट्यूबमधले क्रीम. कडक वडीवरून फेस उचलायला ताठ ब्रश लागतो, क्रीमला मऊ ब्रशही पुरतो.

केस कोणते, हे आम्ही नेहमी स्पष्ट लिहून देतो. डुकराचे केस धार्मिक कारणाने काही ग्राहकांना चालत नाहीत आणि काहींना कोणतेच प्राणिज केस नको असतात. त्यांच्यासाठी कृत्रिम तंतूंचा झुबका आहे. तो भिजत घालावा लागत नाही, लवकर वाळतो, आणि गेल्या काही वर्षांत तो इतका सुधारला आहे, की बहुतेकांना आम्ही आता तोच सुचवतो. घोड्याचे केस आयाळीचे आणि शेपटीचे असतात व प्राण्याला न मारता कापून घेता येतात. बॅजरच्या केसांची गोष्ट तशी नाही, म्हणून मागणी असूनही आम्ही ते ठेवत नाही. अधूनमधून कोणी मुंगसाच्या केसांची चौकशी करते. मुंगूस वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षित आहे आणि त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे.

झुबका बसवण्यासाठी आम्ही अराल्डाइटसारखे दोन भागांचे, सावकाश सुकणारे द्रव्य वापरतो. पाच मिनिटांत सुकणाऱ्या द्रव्याने झुबका सरळ करायला उसंत मिळत नाही आणि तो किंचित तिरका बसला, तर ते रोज सकाळी डोळ्यांना खुपते. ब्रश आमच्याकडे २४ तास उभा राहतो. आपल्या हाती आल्यावरही आणखी एक दिवस त्याला पाणी लावू नये.

नवा ब्रश आधी कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून धुवावा. डुकराच्या केसांना पहिले आठ-दहा दिवस ओल्या जनावराचा वास येतो, तो जातो. पहिल्या आठवड्यांत दहा-पंधरा केस गळणे स्वाभाविक आहे, परंतु एकाच ठिकाणचे केस पुंजक्याने आले किंवा झुबका मुठीत हलू लागला, तर ब्रश आमच्याकडे परत पाठवावा; ते काम पुन्हा विनामूल्य केले जाईल. उकळते पाणी मात्र कोणत्याही ब्रशला घालू नये : त्याने चिकट द्रव्य सैल पडते आणि बेकेलाइटची चकाकी कायमची जाते.

बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत जड पाण्यातल्या क्षारांशी साबणाचा संयोग होऊन केसांच्या बुडाशी पांढरा थर जमतो. महिन्यातून एकदा, एक भाग पांढरा व्हिनेगर आणि दहा भाग पाणी अशा मिश्रणात केस पाच मिनिटे बुडवून नंतर साध्या पाण्याने धुतले, की तो निघतो. दाढी झाल्यावर ब्रश झटकून मोकळ्या हवेत ठेवावा. तो उभा ठेवावा की उलटा टांगावा, यावर ग्राहक आमच्याशी पुष्कळ वाद घालतात. आमच्या अनुभवाने हवा लागत असेल तर दोन्ही सारखेच. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, बंद कपाटात ठेवलेल्या ओल्या ब्रशला आठवड्याभरात बुरशी धरते.

मूठ पाठवण्यापूर्वी तिचे दोन फोटो पाठवावेत, एक समोरून आणि एक वरून, आणि वरच्या फोटोत मुठीशेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवावे. या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, त्यामुळे खोबण किती मोठी होऊ शकेल याचा अंदाज आम्हाला घरबसल्या येतो आणि खर्चही आधीच कळवता येतो. ज्या मुठीच्या काठाला तडा गेला आहे ती शक्यतो पाठवू नये. तडा बुजवता येतो, पण रोजच्या पाण्यात तो पुन्हा उघडतो, आणि अशा कामाचे पैसे घेणे आम्हाला योग्य वाटत नाही. मूठ कोरडी करून कापडात गुंडाळावी आणि खोक्यात घालून पाठवावी.

ब्रश परत येईल तेव्हा त्याबरोबर एक चिठ्ठी असेल. तीवर झुबक्याचा व्यास, खोबणीची खोली, केसांची उंची आणि वापरलेले द्रव्य लिहिलेले असेल. ती दाढीच्या डब्यातच ठेवावी, कारण पुढच्या वेळी हा झुबका काढणाऱ्याला, तो कोणीही असो, ड्रिल किती खोल न्यायचे ते तिच्यावरूनच कळेल.