खाली ओढा, सोडा

यादीच्या वरच्या टोकाला पोचल्यावर बोट आणखी खाली ओढलं की नव्या नोंदी येतात. हे इतकं अंगवळणी पडलंय की कुणीतरी ते मुद्दाम घडवलं असेल, असं वाटतच नाही. लोरेन ब्रिक्टर यांनी २००९ मध्ये ट्विटर वाचायच्या ‘ट्विटी’ या आयफोन ॲपच्या दुसऱ्या आवृत्तीत ही युक्ती आणली. तीही निम्मी उसनी. टोकाला आलेली यादी रबरासारखी ताणून परत येते, ही करामत ॲपलची, २००७ पासूनची. ब्रिक्टर यांनी त्या वाया जाणाऱ्या ताणाला कामाला लावलं. थोडं ओढलं की बाण दिसे, पुरेसं ओढलं की तो उलटा फिरे, आणि बोट उचललं तरच यादी ताजी होई. विचार बदलला तर बोट वर सरकवून माघार घेता येई.

ॲपलनं २०१२ मध्ये आयओएस ६ मध्ये हेच उचललं, पण तिथे बाणाऐवजी थेंब दिसे, आणि तो ताणून तुटला की बोट उचलण्याआधीच काम सुरू होई. थेंब देखणा होता, माघार मात्र गेली. माझ्या मते हा तोट्याचा सौदा.

अँड्रॉइडच्या ‘स्वाइपरिफ्रेशलेआउट’ या याच कामाच्या तयार घटकात खाली येणाऱ्या रिफ्रेशच्या चक्राचा पल्ला ६४ डीपी (पडद्यावरचं अंतर मोजायचं अँड्रॉइडचं एकक) आहे, आणि चक्र बोटाच्या निम्म्या वेगानं सरकतं. म्हणजे बोटाला १२८ डीपी, साधारण दोन सेंटीमीटर, जावं लागतं. हा पल्ला फार कमी केला तर नुसतं वर स्क्रोल करतानाही रिफ्रेश होतं. फार वाढवला तर एका हातानं फोन धरणाऱ्याचा अंगठा पुरत नाही.

ब्रिक्टर यांच्या युक्तीचं पेटंट २०१३ मध्ये, ‘ट्विटी’ विकत घेतलेल्या ट्विटरच्या नावे मंजूर झालं. मात्र अशी पेटंटं बचावापुरतीच वापरू, असं कंपनीनं आदल्या वर्षीच जाहीर केलं होतं. उलट त्या रबरी ताणाच्या पेटंटवरून ॲपल आणि सॅमसंग कोर्टात भांडले.

नक्कल फसते ती जागा चुकल्यानं. ही युक्ती चालते, कारण तिथे सर्वांत नवं ते सर्वांत वर असतं. चॅटमध्ये नवं खाली असतं. वरच्या टोकाला जाऊन खाली ओढणाऱ्याला जुने संदेश हवे असतात. नकाशात खाली ओढणं म्हणजे नकाशा सरकवणं. सगळ्यांत वाईट गत वेबवरच्या लांबलचक अर्जाची: वर जाऊन नाव तपासायला गेलं, बोट जरा जास्त ओढलं गेलं, की क्रोम पान पुन्हा लोड करतो आणि भरलेले रकाने कोरे होऊ शकतात. अशा पानावर सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) ‘ओव्हरस्क्रोल-बिहेवियर-वाय’ला ‘कंटेन’ ही किंमत दिली की हे थांबतं. एका ओळीचं काम आहे.