लायसोझाइम

लायसोझाइम : अश्रू, लाळ, शेंबूड आणि आईच्या दुधात सापडणारे जीवाणुनाशक एंझाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी लंडनमध्ये १९२२ साली, म्हणजे पेनिसिलीनच्या काही वर्षे आधी, त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. जीवाणूंच्या भित्तिकेत शर्करांच्या लांब साखळ्या असतात. त्यांतील ठरावीक बंध लायसोझाइम तोडते. भित्तिका कमकुवत झाली की आत शिरणाऱ्या पाण्याच्या दाबाने जीवाणू फुटतो.

मानवी लायसोझाइम १३० ॲमिनो अम्लांचे, म्हणजे प्रथिन घडवणाऱ्या घटकांच्या साखळीचे, आहे. ही साखळी दोन भागांत घडी घालून बसते. एका भागात मुख्यतः सर्पिले (स्प्रिंगसारखी वेटोळी), दुसऱ्यात पट्ट (शेजारी शेजारी पसरलेले साखळीचे धागे). दोहोंमधल्या खाचेत शर्करेची साखळी अडकते आणि तेथेच तुटते. कोंबडीच्या अंड्यातील लायसोझाइमची ही रचना डेव्हिड फिलिप्स व सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये क्ष-किरणांनी उलगडली. एंझाइमची त्रिमितीय रचना माणसाला प्रथमच दिसली ती येथे. चार डायसल्फाइड बंध, म्हणजे गंधकाच्या अणूंमधले दुवे, ही घडी टाक्यांसारखी पक्की धरतात, त्यामुळे हे प्रथिन उष्णता आणि आम्ल बरेच सोसते.

या टिकाऊपणाचा सर्वांत सुंदर दाखला पोटात मिळतो. गाय रवंथ करते, आणि आपल्याकडे देवळांच्या आवारात दिसणारे वानर, म्हणजे हनुमान लंगूर, पाला खातात. दोघांच्याही जठराच्या पुढच्या भागात जीवाणू पाला आंबवतात. पुढे तेच जीवाणू पचवायचे, तर लायसोझाइमला आम्लात काम करावे लागते आणि पेप्सिन या प्रथिने पचवणाऱ्या जठरातील एंझाइमच्या तावडीतून वाचावेही लागते. गाय आणि वानर यांचे नाते दूरचे. तरीही दोघांच्या जठरातील लायसोझाइममध्ये काही ठिकाणी तेच ॲमिनो अम्लबदल स्वतंत्रपणे झाले आहेत. १९८७ मध्ये पुढे आलेले हे उदाहरण रेणूंच्या पातळीवरील समांतर उत्क्रांतीचा भक्कम पुरावा मानले जाते. गाईच्या दुधात मात्र लायसोझाइम अगदी नगण्य असते.

घडी सैल पडली तर काय होते, हे एका दुर्मीळ आनुवंशिक रोगात दिसते. ५६ व्या जागी आयसोल्युसिनऐवजी थ्रिओनिन, किंवा ६७ व्या जागी ॲस्पार्टिक अम्लाऐवजी हिस्टिडीन आले, की प्रथिनाची उष्णता सोसण्याची मर्यादा सुमारे १० अंश सेल्सियसने खाली येते. अर्धवट उलगडलेले रेणू एकमेकांना चिकटून तंतू बनतात आणि यकृत, मूत्रपिंड, प्लीहा यांत साचतात. बंध तोडण्याची क्षमता या बदललेल्या रेणूंत शिल्लक असते. बिघडते ती फक्त घडी.