रीमास्टर वेगळं आणि परत गाऊन घेतलेलं वेगळं, कृपा करून घोळ थांबवा

"काय क्लीन रीमास्टर आहे, काय स्टिरिओ!" असं अमेरिकन रॉक अँड रोल गायक चक बेरीच्या १९५५ सालच्या गाण्याबद्दल कोणी लिहिलं की माझं डोकं फिरतं. चेस या रेकॉर्ड कंपनीसाठी शिकागोत ते गाणं घेतलं तेव्हा गिटार, पियानो, ड्रम, आवाज सगळं एकत्रच मोनो टेपवर, म्हणजे एकाच ट्रॅकवर गेलं, मग त्यातला ड्रम उचलून एका कानात ठेवायला तो सुटा आणणार कुठून? (हल्ली सॉफ्टवेअरने वाद्यं वेगळी काढतात, पण स्वस्त कंपायलेशनवर, म्हणजे जुन्या गाण्यांच्या संग्रहावर, एवढी मेहनत कोण घेतंय.) तुम्ही ऐकताय ते बहुतेक त्यानेच नंतर परत गाऊन घेतलेलं व्हर्जन आहे.

रीमास्टर काय असतं ते माहितीच आहे सगळ्यांना. जुनी टेप नीट मशीनवर लावायची, बास-ट्रेबल आणि लेव्हल बघायची, खरखर थोडी कमी करायची, झालं. गाणारा तोच, दिवस तोच, टेक (म्हणजे त्या वेळी गायलेली ती एक खेप) तोच. परत रेकॉर्ड करणं म्हणजे लग्नाचा जुना फोटो साफ करायच्या ऐवजी दहा वर्षांनी तोच शालू नेसून नवीन फोटो काढणं.

आणि हे एखाद्यानेच केलंय असं नाही. टेप कंपनीच्या मालकीची, गायक निघाला दुसऱ्या कंपनीत, मग नव्या कंपनीलाही ते हिट्स विकायचे असतात, की बोलव बँड आणि गा परत. चक बेरी १९६६ ला मर्क्युरी कंपनीत गेला आणि १९६७ ला त्यांनी 'गोल्डन हिट्स' काढला, त्यात जुनी गाणी नव्याने गायलेली. एव्हर्ली ब्रदर्स या गायक भावांनी केडन्स कंपनी सोडून वॉर्नर धरल्यावर १९६४ ला तेच केलं, गायक जेरी ली लुईसने सन (Sun) कंपनी सोडल्यावर तेच.

त्याच काळातला गायक लिटल रिचर्डचं 'टुटी फ्रुटी' घ्या. मूळ सप्टेंबर १९५५ चं, न्यू ऑर्लिन्समध्ये कॉझिमो मटासाच्या छोट्याशा स्टुडिओत, ड्रमवर अर्ल पामर. सगळे एकाच खोलीत वाजवतायत, सॅक्सोफोन आणि ड्रम एकमेकांच्या माईकमध्ये घुसतायत आणि वर हा माणूस किंचाळतोय, ती गर्दी हाच त्या रेकॉर्डचा सगळा मसाला आहे. १९६४ च्या सुमारास व्ही-जे कंपनीसाठी त्याने आपले हिट्स परत गायले, ते ऐका. आवाज त्याचाच, पण बँड वेगळा, खोली वेगळी. ते आवडलं तर खुशाल ऐका, फक्त त्याला ५५ चं रीमास्टर म्हणू नका.

यात लोकांचा तरी काय दोष म्हणा, कव्हरवर ठळक अक्षरात 'ओरिजिनल आर्टिस्ट' छापतात, जे खोटं नसतं, आणि 'री-रेकॉर्डेड' हे मागे मुंगीएवढ्या अक्षरात. कहर म्हणजे काही ठिकाणी एकाच गाण्यापुढे री-रेकॉर्डेड आणि रीमास्टर्ड दोन्ही लिहिलेलं असतं! म्हणून नुसत्या रीमास्टर शब्दावर जाऊ नका आणि खाली दिलेल्या सालावरही नको, ते बऱ्याचदा कंपायलेशनचंच असतं. मूळ लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी शोधा, चक बेरी असेल तर चेस, लिटल रिचर्ड स्पेशल्टी, एव्हर्ली केडन्स. ते लिहिलेलंच नसेल तर मी सरळ पुढे जातो.

आता खऱ्या रीमास्टरमध्येही चांगलं-वाईट असतंच. माझं मत पक्कं आहे, टेपची सुईईई, म्हणजे मागे चालू असते ती बारीक सरसर, राहू द्या. एल्विस प्रेस्लीच्या सन कंपनीतल्या गाण्यांत तिचा मालक सॅम फिलिप्सने दुसऱ्या टेप मशीनवरून आणलेला तो चटकन परत येणारा इको रेकॉर्डिंगमध्येच मुरलाय आणि त्याची शेपटी त्या सुईईईच्या आसपासच विरते, आवाज 'स्वच्छ' करायच्या नादात जास्त पुसलंत की शेपटीही गेली आणि एल्विस गादीखालून गायल्यासारखा वाटतो. गायक बडी हॉलीचा १९८५ चा, मास्टरिंग इंजिनिअर स्टीव्ह हॉफमनने मूळ मास्टर टेप्सवरून केलेला सीडी संग्रह ऐका, उगाच ढवळाढवळ न करता किती जिवंत वाटतं ते कळेल. उलट काही नवीन रीमास्टर इतके लाऊड केलेत की ड्रमचा फटका आणि हळू ओळ दोन्ही सारखंच अंगावर येतं.

साठच्या दशकातला खोटा स्टिरिओ, म्हणजे मोनोच घेऊन एका कानात ट्रेबल आणि दुसऱ्यात बास, त्यावर बोलायचंच नाही, मोनो मिळत असेल तर मोनोच घ्या. आणि २४ बिट की १६ बिट हे डिजिटल फाईलच्या क्वालिटीचं भांडण तर या गाण्यांसाठी पूर्ण टाईमपास आहे, आधी टेक कुठला ते बघा.