स्मू गुहा

स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर, डरनेस गावाच्या पूर्वेस असलेली गुहा व तिच्यापुढील सागरी घळ. गुहेचे तोंड सुमारे ४० मी. रुंद व १५ मी. उंच असून ब्रिटनमधील सर्वांत मोठ्या सागरी गुहामुखांत त्याची गणना होते. मात्र आकारापेक्षा तिची घडण अधिक लक्षणीय आहे. बाहेरचे दालन समुद्राच्या लाटांनी कोरले, तर आतली दालने गोड्या पाण्याने खडक विरघळवून तयार केली.

येथील खडक सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचा, डोलोमाइटयुक्त (मॅग्नेशियम असलेले कार्बोनेट खनिज) चुनखडक आहे. हवेतील व मातीतील कार्बन डाय-ऑक्साइड मिसळून किंचित आम्लधर्मी झालेले पावसाचे पाणी त्याच्या भेगांत शिरते आणि त्या हळूहळू रुंदावते. अल्ट स्मू हा ओढा असाच एका विवरातून सुमारे २० मी. खाली दुसऱ्या दालनात कोसळतो. हे विवर वर माळावर, रस्त्याच्या अगदी लगत आहे. पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या) जमिनीवरून येत असल्याने ओढ्याचे पाणी कोऱ्या चहासारखे तांबूस दिसते. मोठ्या पावसानंतर धबधब्याच्या तुषारांनी दालन भरून जाते, आवाजात शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही. दुसऱ्या दालनाचा तळ पाण्याखाली असल्यामुळे त्यापलीकडच्या अरुंद तिसऱ्या दालनाकडे होडीनेच जावे लागते.

गुहेतून बाहेर पडलेला ओढा घळीच्या तळाने समुद्राला मिळतो. सुमारे ६०० मी. लांबीची, उभ्या कड्यांची ही घळ म्हणजे बहुतांशी छत ढासळलेली जुनी गुहाच होय. घळीच्या कडेला शिल्लक राहिलेले छताचे तुकडे हीच गोष्ट सांगतात. अशा चिंचोळ्या सागरी घळींना तेथे ‘गिओ’ म्हणतात. हा शब्द मूळ नॉर्स (मध्ययुगीन स्कँडिनेव्हियन लोकांच्या) भाषेतील आहे. ‘स्मू’ हे नावही भोक किंवा लपण्याची जागा अशा अर्थाच्या नॉर्स शब्दावरून आले असावे. पहिले दालन समुद्राने कोरले असले, तरी आज तेथपर्यंत पाणी क्वचितच, उधाणाच्या भरतीला पोहोचते. त्यामुळे ओहोटीची वाट न पाहता बहुधा कोरड्या पायांनी आत शिरता येते. दालनाच्या छतातील भोकांतून आत उजेडही येतो.

घळीच्या कड्यांत आणखी काही लहान गुहा आहेत. उत्खननात लोहयुगातील व नॉर्स काळातील वावराच्या खुणा या परिसरात मिळाल्या आहेत.