सिप्रो, ऑफ्लॉक्स, नॉरफ्लॉक्स: पट्टीवरच्या सूचनांची पार्श्वभूमी

जुलाब, लघवीची जळजळ, न उतरणारा ताप. पुण्यात अशा तक्रारींवर अजूनही पुष्कळदा एकाच गटाची गोळी घेतली जाते: सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन. ही फ्लुओरोक्विनोलोन गटातली प्रतिजैविकं. ती कशी घ्यायची याचा जवळजवळ प्रत्येक नियम गेल्या साठ वर्षांतल्या अनुभवातून आला आहे.

सुरुवात मलेरियाच्या औषधापासून झाली. क्लोरोक्विन तयार करताना निघालेल्या एका उपपदार्थाच्या मागे लागून अमेरिकेत जॉर्ज लेशर आणि सहकाऱ्यांनी नॅलिडिक्सिक अ‍ॅसिड शोधलं आणि १९६२ मध्ये जाहीर केलं. ते लघवीत पुरेसं उतरायचं, पण रक्तात आणि इतर अवयवांत नाही. त्यामुळे उपयोग मूत्रमार्गापुरता राहिला. पुढे जपानमध्ये या रेणूला फ्लोरिनचा अणू आणि पायपेराझिनचं वलय जोडून नॉरफ्लॉक्सासिन तयार झालं. १९८७ मध्ये अमेरिकेत सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळीला मान्यता मिळाली. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली तेव्हा प्रतिजैविक म्हणजे मुख्यतः पेनिसिलीनची सुई. आता गंभीर संसर्गावरही तोंडाने घ्यायचं औषध हाती आलं होतं.

भारतात त्याचा खरा कस टायफॉइडमध्ये लागला. १९९० च्या सुमाराला क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलीन आणि को-ट्रायमोक्साझोल या तिन्ही औषधांना एकदम न जुमानणारे टायफॉइडचे जिवाणू पसरले आणि सिप्रोफ्लॉक्सासिनने असंख्य रुग्ण वाचवले. पण हे औषध जिवाणूच्या ज्या विकरावर (एन्झाइमवर) घाव घालतं, त्या डीएनए गायरेजमध्ये एखादा छोटा बदल झाला की त्याचा जोर ओसरतो. बेसुमार वापरात तेच झालं. आज आपल्याकडे टायफॉइडच्या संशयावर सिप्रो सुरू करणं चूक आहे. पहिल्या डोसाआधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातला जिवाणू वाढवून ओळखण्याची तपासणी, पाठवावं (विडाल या रक्तचाचणीवर विसंबू नये) आणि तोवर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन द्यावं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे (नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत जुलाब घडवणारा कॅम्पिलोबॅक्टर सापडला होता. हा जिवाणूही या गटाला मोठ्या प्रमाणावर दाद देत नाही. साध्या पाण्यासारख्या जुलाबांना तर प्रतिजैविक लागतच नाही, ओआरएस पुरतं.

दुसरी बाजू दुष्परिणामांची. याच गटातलं टेमाफ्लॉक्सासिन बाजारात आल्यावर काही महिन्यांतच, १९९२ मध्ये, मागे घ्यावं लागलं. गॅटिफ्लॉक्सासिनने रक्तातली साखर वरखाली होते म्हणून भारताने २०११ मध्ये त्यावर बंदी घातली. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २००८ मध्ये कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटण्याबद्दल ठळक इशारा दिला, २०१३ मध्ये नसांच्या इजेबद्दल, २०१८ मध्ये महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) फाटण्याबद्दल. त्याआधी २०१६ मध्येच, सायनस, ब्राँकायटिस आणि लघवीच्या साध्या संसर्गात दुसरा पर्याय असेल तर हा गट वापरू नये, असं सांगितलं होतं.

म्हणून घोट्यामागे दुखू लागलं, हातापायांना मुंग्या आल्या किंवा अचानक गोंधळल्यासारखं झालं, तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना गाठावं. छातीत, पोटात किंवा पाठीत अचानक तीव्र कळ आली तर थेट रुग्णालयात जावं. साठीपुढचे आणि स्टेरॉइड घेणारे यांना कंडरेचा धोका जास्त. ग्लिमेपिराइड घेणाऱ्या मधुमेहींची साखर धोकादायक उतरू शकते. पाठदुखीच्या अनेक गोळ्यांत टिझानिडीन असतं. सिप्रोबरोबर ते घेतलं तर रक्तदाब कोसळतो, म्हणून ही जोडी पूर्ण वर्ज्य. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो.

आता दहीभाताचं. पोट बिघडलं की आपल्याकडे दहीभात आणि ताक, आणि त्यावरच गोळी. कॅल्शियम या औषधाला आतड्यातच बांधून ठेवतं. सिप्रो आणि नॉरफ्लॉक्सच्या बाबतीत तर रक्तात पोहोचणारं औषध बरंच घटतं. गोळी पाण्याबरोबर घ्यावी, दूध-दह्यापासून दोन तास लांब. अँटासिड, लोह, झिंक किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर सिप्रो तिच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. (जुलाबात मुलांना झिंक देतात, पण हा गट अठरा वर्षांखाली सहसा देतच नाहीत. गरोदरपणातही टाळतात.)

सर्वांत जपून वापरायचं ते लिव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन. बहुऔषधरोधक क्षयरोगाच्या (नेहमीच्या मुख्य औषधांना न जुमानणाऱ्या टीबीच्या) उपचारात ही दोन्ही कणा आहेत. नुसत्या खोकल्यावर लिव्होफ्लॉक्सासिन दिलं की क्षयाचे जंतू तात्पुरते दबतात, रुग्णाला बरं वाटतं, निदान लांबतं आणि उरलेले जंतू औषधाला सरावतात. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-१ या सरकारी औषधयादीत ही दोन्ही औषधं आहेत: दुकानदाराने रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव आणि दिलेली संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षं जपायची असते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर ही गोळी सुरू करण्याआधी थुंकीची सीबीनॅट (क्षयाच्या जंतूंचा डीएनए शोधणारी) तपासणी व्हायला हवी.