वीतभर मातीवर उभे जंगल

डोंगरउतारावर वादळाने आडवे झालेले मोठे झाड दिसले, तर शेंड्याकडे नंतर बघावे. आधी बुंध्याकडे जावे. उपटून आलेला मुळांचा पसारा तिथे परातीसारखा उभा असतो. घेर माणसाच्या उंचीपेक्षा मोठा, जाडी मात्र कित्येकदा वीत-दीड वीत. मुळे खोल गेलेलीच नसतात, सगळी आडवी पसरलेली असतात. त्यांच्या बेचक्यांत दगड अडकलेले असतात आणि काहींना मुळांनी चहूबाजूंनी असा विळखा घातलेला असतो की ते हाताने सुटत नाहीत. झाड उभे होते त्या खड्ड्यात डोकावले, तर तळाशी ओला मुरूम आणि त्याखाली फुटका कातळ. एवढ्या मोठ्या झाडाचा सारा संसार इतक्याशा मातीवर चाललेला होता.

भरपूर पावसाच्या उभ्या डोंगरउतारांवर जगभर अशीच माती सापडते: उथळ, दगडाळ, आम्लधर्मी. तिचा सामू (पीएच), म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, अनेकदा चार ते पाचच्या दरम्यान असतो. सात म्हणजे उदासीन, आणि एकेक अंक खाली उतरला की आम्लता दहापट वाढते. सामू साडेचार असलेल्या जमिनीत शेतीची बहुतेक पिके नीट वाढत नाहीत. जंगल मात्र तिथे घनदाट वाढते. आपण या मातीला सरसकट ‘निकृष्ट’ म्हणतो, ते मला पटत नाही. तिचा कारभारच वेगळा आहे.

आधी उथळपणाचे बघू. उतारावरची माती एका जागी बसत नाही. पावसाचा थेंब आपटला, एखाद्या प्राण्याने बीळ उकरले, ओल गोठून पुन्हा वितळली, झाड उन्मळले, की दर खेपेला काही कण खाली सरकतात. त्याच वेळी तळाचा कातळ फुटून नवी माती तयार होत असते. थराची जाडी म्हणजे या आवक-जावकीतली शिल्लक. अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८७७ मध्येच लिहून ठेवले होते की, वर माती जसजशी जाड होते तसतसे खालच्या खडकाचे फुटणे मंदावते. जाड थर गोधडीसारखा असतो. त्याच्या तळाशी उन्हाथंडीचा फरक पोचत नाही आणि मुळेही विरळ होतात.

हे प्रत्यक्ष मोजायला १९९७ साल उजाडावे लागले. अवकाशातून येणारे वैश्विक किरण खडकातल्या क्वार्ट्‌झवर आदळले की त्यात बेरिलियम-१० हे बेरिलियमचे किरणोत्सारी रूप अगदी सूक्ष्म प्रमाणात तयार होते. कातळ पृष्ठभागाजवळ जितका जास्त काळ रेंगाळतो, तितके ते जास्त साचते. अर्जुन हाइमसॅथ आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या टेकड्यांवर या घड्याळाचा उपयोग केला. वर माती जवळजवळ नसेल तिथे कातळ वर्षाला मिलिमीटरच्या आठ शतांशाइतका फुटत होता, आणि मातीची जाडी दर ३० सेंटिमीटरने वाढली की हा वेग निम्मा होत होता. म्हणजे तिथे उत्तम परिस्थितीतही एक सेंटिमीटर कातळाची माती व्हायला सव्वाशे वर्षे.

आता आम्लता. चिकणमातीच्या आणि ह्यूमसच्या (पूर्ण कुजलेल्या पाल्याच्या) कणांवर ऋण विद्युतभार असतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश यांचे धनभारित आयन त्यांना चिकटून राहतात. झाडाचे बरेचसे अन्न असे टांगून ठेवलेले असते. पावसाचे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून आणते, त्यामुळे निखळ पावसाचाही सामू ५.६ च्या आसपास असतो. मातीत शिरल्यावर ते आणखी आम्ल होते, कारण मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनाने मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड कित्येक पट साठलेला असतो. कुजत्या पानांतली सेंद्रिय आम्ले त्यात भर घालतात. या पाण्यातले हायड्रोजन आयन कॅल्शियमला खुंटीवरून ढकलतात, आणि उतार असल्यामुळे ते पाणी थांबत नाही. कॅल्शियम घेऊन ओढ्याला जाते. सामू पाचच्या खाली घसरला की मातीच्या खनिजांतले ॲल्युमिनियम विरघळू लागते. ते मुळांच्या टोकांना घातक ठरते. टोके लांबायची थांबतात, आखूड आणि जाड होतात. या मातीतल्या काही झाडांची मुळे स्वतः सेंद्रिय आम्ले सोडून ॲल्युमिनियमला बांधून टाकतात.

मग एवढ्या धुऊन गेलेल्या मातीवर जंगल टिकते कसे? इथे मला न्यूझीलंडच्या दक्षिण आल्प्स पर्वतरांगेचा पश्चिम उतार सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे काही ठिकाणी वर्षाला दहा मीटरच्या घरात पाऊस पडतो. आयझॅक लार्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तिथल्या उथळ मातीचे मोजमाप प्रसिद्ध केले, तेव्हा काही जागी माती तयार होण्याचा वेग वर्षाला अडीच मिलिमीटर निघाला. चार वर्षांत एक सेंटिमीटर! धूप जितक्या वेगाने माती नेते, तितक्या वेगाने ओलावा आणि मुळे ताजा कातळ फोडत राहतात. ताजा कातळ म्हणजे ताजे कॅल्शियम आणि ताजे स्फुरद.

न्यूझीलंडच्या त्याच पश्चिम बाजूला, फ्रांझ जोसेफ हिमनदीच्या परिसरात, याची दुसरी बाजू दिसते. हिमनदी मागे हटत गेली तशा तिथे वेगवेगळ्या वयाच्या जमिनी उघड्या पडल्या. काही अलीकडच्या, काही एक लाख वर्षांहून जुन्या. जुन्या सपाट जमिनींवर धूप कमी, नवा खडक वर येत नाही, आणि पावसाने हजारो वर्षे धुऊन स्फुरद संपत आलेले. तिथले जंगल खुरटत जाते. १९७६ मध्ये वॉकर आणि सायर्स यांनी स्फुरदाच्या या ऱ्हासाचा जो आराखडा मांडला, तो आजही आधारभूत मानला जातो. उभा उतार मातीला म्हातारी होऊ देत नाही, तो असा.

उरलेले रहस्य पायाखालच्या पाचोळ्यात आहे. अशा जंगलात मूठभर पाचोळा अलगद उचलून बघा. वरची पाने अख्खी. त्यांच्याखालच्या पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या, जाळी झालेली. आणखी खाली पाने ओळखू येत नाहीत; तिथे काळपट, ओलसर, बोटांना किंचित चिकटणारा थर आणि त्यातून गेलेले बुरशीचे पांढरे धागे. आम्ल मातीत गांडुळे कमी असतात, त्यामुळे पाचोळा खाली मिसळत नाही, वरच गादीसारखा साचतो. केशमुळांची सर्वांत दाट गर्दी याच गादीत असते. पान गळते, कुजते, आणि त्यातले अन्न खालच्या मातीत उतरण्याआधीच मुळे ते उचलतात. बुरशीचे धागे मुळांना जोडलेले असतात; झाड त्यांना साखर देते आणि ते झाडाला नत्र-स्फुरद आणून देतात. १९९७ मध्ये युरोपातल्या शंकुवृक्षांच्या जंगलांखालच्या अशाच आम्ल मातीत, फेल्डस्पार खनिजाच्या कणांत मिलिमीटरच्या काही सहस्रांश रुंदीचे गोल बोगदे आढळले. बुरशीच्या धाग्यांनी खनिज विरघळवत ते पोखरले असावेत, असा संशोधकांचा निष्कर्ष होता.

हे चक्र तुटले की काय होते, ते अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूक जंगलात पाहायला मिळाले. १९६५-६६ च्या हिवाळ्यात तिथल्या एका ओढ्याच्या पाणलोटातली सगळी झाडे कापून जागीच पडू दिली, आणि तीन वर्षे तणनाशक मारून काही उगवू दिले नाही. एकही ओंडका बाहेर नेला नव्हता, तरी ओढ्यातल्या नायट्रेटचे, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या नत्राचे, प्रमाण कित्येक पटींनी वाढले. उचलायला मुळेच नव्हती. नायट्रेट तयार होताना आम्लता वाढते, त्यामुळे कॅल्शियमही भराभर वाहून गेले. शेजारच्या दुसऱ्या पाणलोटात, कारखान्यांच्या धुरामुळे झालेल्या आम्ल पावसाने नेलेले कॅल्शियम परत द्यावे म्हणून, १९९९ मध्ये हेलिकॉप्टरने वोलास्टोनाइट या कॅल्शियमच्या खनिजाच्या गोळ्या पसरल्या. पुढच्या वर्षांत तिथले शुगर मेपल सावरले, त्यांची रोपेही वाढली.

अन्नाइतकीच मोठी गोष्ट आधाराची. उथळ मातीतून मुळे कातळाच्या भेगांत शिरतात आणि थर खिळ्यांनी ठोकल्यासारखा धरून ठेवतात. झाड तोडले की हे खिळे लगेच निघत नाहीत, ते सावकाश कुजतात. उताराची पकड सर्वांत कमी होते ती तोडीनंतर साधारण तीन ते पंधरा वर्षांच्या काळात, जेव्हा जुनी मुळे कुजलेली असतात आणि नव्या रोपांची अजून तितकी वाढलेली नसतात. त्या वर्षांत मुसळधार पाऊस आला की माती पाण्याने भरते, कणाकणांतली पकड सैल होते आणि दरड कोसळते. दरडीचे नाव निघाल्यावर तोड जुनी झालेली असते, म्हणून दोष फक्त पावसाला दिला जातो, याचे फार वाईट वाटते.

दरडीच्या जागी उघडा कातळ उरतो. निव्वळ उघड्या खडकावर पाणी ठरत नाही, त्यामुळे तो फुटायलाही वेळ लागतो. आधी शेवाळ आणि दगडफूल येते. मग भेगांत साचलेल्या चिमूटभर मुरमात अल्डरसारखी झाडे रुजतात. न्यूझीलंडमध्ये हेच काम टूटू नावाचे झुडूप करते. त्यांच्या मुळांवरच्या गाठींत फ्रँकिया नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. त्यांची पाने गळतात, दगडांच्या खाचांत अडकतात, आणि काही वर्षांनी तिथे बोटाने खरवडले तर नखात काळी माती येते.